सिनेगॉगमधलं गायन-नेतृत्व: स्वयंसेवकाचं पगारी पदावर जाणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान अमेरिकेतल्या रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळांत) वर्षानुवर्षं विनामूल्य प्रार्थना गाणाऱ्यांसाठी आणि त्यांना पगारावर घेऊ पाहणाऱ्या जमातींसाठी (सिनेगॉगच्या सभासद-समूहांसाठी) आहे. तिकडे स्थायिक झालेल्या बेने इस्राएल घरांतले काही जण या कामात आहेत, म्हणून काही उत्तरं खास त्यांच्यासाठी. सगळ्या उत्तरांमागे आमचं मत एकच आहे: आधी काम कागदावर उतरवा, पगाराचा आकडा नंतर काढा. हा क्रम उलटला की वर्षभरात दोन्ही बाजू नाराज होतात.

पगारी पदाचा विषय काढायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

गळा किती चांगला आहे यावरून ते ठरत नाही. जमातीचं वेळापत्रक तुमच्यावर किती अवलंबून आहे ते पाहा. शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार, विश्रांतीचा दिवस) तारखा लावताना ऑफिस आधी तुम्हाला फोन करतं का? बार मित्झ्वा आणि बात मित्झ्वाच्या (वयात येण्याच्या धर्मविधीच्या) मुलांचे आईवडील रॅबायच्या (धर्मगुरूच्या) आधी तुम्हाला गाठतात का? तुम्ही आजारी पडलात तर दुसरं नाव कुणाला सुचतं का? तिन्ही उत्तरं तुमच्याकडेच बोट दाखवत असतील, तर जमातीने एक पद निर्माण केलेलं आहे, फक्त अंदाजपत्रकात त्याची ओळ नाही. महिन्यातून एक शुक्रवार गात असाल आणि त्यात आनंद असेल, तर मात्र घाई करू नका. नोकरी झाली की न आवडणाऱ्या चालीही गाव्या लागतात.

कुणाशी बोलायचं आणि केव्हा?

पहिलं बोलणं रॅबायशी. तुमच्या कामाची किंमत त्यांना सगळ्यात आधी कळते आणि पुढे रोजचा संबंधही त्यांच्याशीच येतो. रॅबायना डावलून थेट अध्यक्षांकडे गेलात, तर पद मिळेलही, पण सुरुवात अविश्वासाने होईल. रॅबायनंतर अध्यक्ष आणि प्रार्थना-समिती, मग खजिनदार.

बहुतेक अमेरिकी सिनेगॉगचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असतं. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते आणि वार्षिक सभा मे-जूनमध्ये होते. म्हणून विषय नोव्हेंबर ते जानेवारीत काढा. तिश्री महिन्यातले (सप्टेंबर-ऑक्टोबरातले) सण आटोपलेले असतात, तुमचं काम सगळ्यांच्या कानात ताजं असतं, आणि पैशांची वाटणी व्हायची असते. ऑगस्टमध्ये, रोश हशाना (ज्यू नववर्ष) तोंडावर आलेला असताना विषय काढला, तर ऐकणाऱ्याला तो अडवणुकीसारखा वाटतो. हेतू कितीही स्वच्छ असला तरी.

तास कसे मोजायचे?

इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो, आणि कमीच मोजतो. शुक्रवारची प्रार्थना सव्वा ते दीड तासाची, म्हणून दीड तास लिहिला जातो. प्रत्यक्षात त्या आठवड्याचा पाराशा (तोरा ग्रंथातला वाचायचा भाग) पाहून चाली निवडणं, यादी रॅबायना पाठवून बदल घेणं, पियानोवाल्याबरोबर तालीम, पाऊण तास आधी येऊन माइक तपासणं, प्रार्थनेनंतर ओनेगमध्ये (चहा-खाण्याच्या मेळाव्यात) थांबून लोकांशी बोलणं हे सगळं धरलं की पाच तास होतात. ओनेगची वेळ धरावीच. कुणाच्या घरी कोण गेलं, कुणाला शिव्हासाठी (मृत्यूनंतरच्या सात दिवसांच्या सुतकासाठी) कोणती चाल हवी, ही कामं तिथेच कळतात.

मध्यम आकाराच्या जमातीचा हिशेब नमुन्यादाखल असा मांडता येईल. वर्षात ४० शुक्रवार, प्रत्येकी ५ तास: २०० तास. शनिवार सकाळच्या २४ प्रार्थना, प्रत्येकी ६ तास: १४४. रोश हशाना आणि योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाच्या) सगळ्या प्रार्थना तयारीसकट: १००. बार-बात मित्झ्वाचे १० विद्यार्थी, प्रत्येकी ३० आठवडे, दर खेपेला तयारी धरून पाऊण तास: २२५. गायनवृंदाच्या १२ तालमी, प्रत्येकी अडीच तास: ३०. रॅबाय आणि समितीच्या बैठका, ४४ आठवडे, दीड-दीड तास: ६६. बेरीज ७६५ तास. सुट्ट्या वगळून ४६ आठवड्यांनी भागा: दर आठवड्याला साधारण साडेसोळा तास. ‘शुक्रवारचं जरा गातात’ असं ज्या कामाबद्दल बोललं जातं, ते पूर्ण वेळेच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पोचतं. लग्नं आणि अंत्यविधी यात धरलेलेच नाहीत.

बोलणी सुरू करण्याआधी तीन महिने रोजच्या रोज टिपण ठेवा, आणि त्या तीन महिन्यांत एक तरी मोठा सण येऊ द्या. आठवणीतून भरलेला तक्ता खजिनदाराच्या पहिल्या प्रश्नालाच ढासळतो.

पदाचं नाव काय असावं? मला स्वतःला कँटर म्हणवता येईल का?

दीक्षा घेतलेली नसेल तर म्हणवू नका. अमेरिकेत कँटर (प्रार्थना गाऊन चालवणारा) ही धर्मगुरूची पदवी मानली जाते. त्यासाठी हिब्रू युनियन कॉलेजची डेबी फ्रीडमन स्कूल ऑफ सेक्रेड म्युझिक, ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीची कँटोरियल स्कूल, हिब्रू कॉलेज किंवा अकॅडमी फॉर ज्यूइश रिलिजन अशा संस्थांतून काही वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं. रिफॉर्म कँटरांची संघटना अमेरिकन कॉन्फरन्स ऑफ कँटर्स, कॉन्झर्व्हेटिव्हांची कँटर्स असेंब्ली. दीक्षा नसलेल्या पगारी गायकासाठी ‘कँटोरियल सोलोइस्ट’, ‘संगीत संचालक’ किंवा ‘साँग लीडर’ ही नावं रूढ आहेत. जमात प्रेमाने ‘आमचे कँटर’ म्हणू लागली, तरी पत्रिका, संकेतस्थळ आणि करारात योग्य नावच ठेवा. कर आणि व्हिसाच्या कागदांवर या नावाचा परिणाम होतो, तो पुढे येईल.

शब्बाथच्या दिवशीच्या कामाचे पैसे घेणं चालतं का?

हा प्रश्न जुना आहे. शुल्हान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाच्या ओराह हायीम विभागात, ३०६व्या प्रकरणात तो नेमका आला आहे: शब्बाथला प्रार्थना चालवण्यासाठी हझान (प्रार्थना गाणारा) मजुरीने ठेवण्यास मनाई, आणि लगेच पुढे, परवानगी देणारंही एक मत आहे अशी नोंद. व्यवहारात वापरली जाणारी वाट म्हणजे शब्बाथची मजुरी स्वतंत्र न ठेवता ती आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या पगारात मिसळून देणं. तालीम, शिकवणी, बैठका ही आठवड्यातली कामं त्याच पगारात येतात, त्यामुळे हे मिसळणं खरंही असतं.

म्हणून ‘दर शनिवारी इतके डॉलर’ असा दर ठरवू नका. वार्षिक पगार बारा हप्त्यांत घ्या. यात व्यावहारिक फायदाही आहे: दर-प्रार्थना पैसे घेतले तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पूर आणि जुलैत कोरड. आणि शब्बाथला हातात पाकीट देऊ-घेऊ नका, जमात कितीही उदारमतवादी असो. पाहणाऱ्यांतल्या कुणाला तरी ते खुपतं.

करारात काय काय हवं?

मुदत, पगार आणि सुट्ट्या सगळेच लिहितात. राहून जातात ती कलमं वेगळी असतात.

चाली कोण निवडणार? रॅबाय, तुम्ही की प्रार्थना-समिती? ‘विचारविनिमयाने’ असं लिहून थांबू नका, मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कुणाचा ते लिहा. सुट्टीत किती शब्बाथ येऊ शकतात ते आकड्यात लिहा. चार आठवडे सुट्टी आणि शब्बाथ एकही मोकळा नाही, अशी सुट्टी कागदावरच राहते. बदली गायक कुणी शोधायचा आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे? आवाज बसला तर ती आजारपणाची रजा धरली जाईल का? धरली जावी; ताप नसलेला, चालता-बोलता गायकही गायला असमर्थ असू शकतो, हे सिनेगॉगच्या संचालक मंडळातल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही.

लग्न, अंत्यविधी, कबरीवरचा दगड उघडण्याचा विधी यांचं मानधन पगारात धरायचं की कुटुंबाने वेगळं द्यायचं, हे सभासद आणि बिगरसभासद असं दोन्हींसाठी लिहा. प्रशिक्षणासाठी वार्षिक रक्कम मागा. ती मंडळाला पगारवाढीपेक्षा मंजूर करायला सोपी जाते, आणि विस्कॉन्सिनमधल्या हावा नाशिरासारख्या शिबिरांना जाता येतं.

तुम्ही चाली रचत असाल तर एक कलम अजिबात विसरू नका. अमेरिकी कायद्यात नोकरीच्या कक्षेत केलेल्या रचनेचा हक्क, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाकडे जातो. नोकरीत असताना रचलेली ‘ल्खा दोदी’ची (शुक्रवारच्या प्रार्थनेतल्या गीताची) चाल उद्या दुसऱ्या सिनेगॉगमध्ये न्यायची असेल, तर रचनेचा हक्क तुमचा आणि जमातीला वापराची कायम मोकळीक, असं स्वच्छ लिहून दोघांच्या सह्या घ्या.

कराराला इतकं महत्त्व देण्याचं आणखी एक कारण आहे. २०१२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने होझाना-टेबर खटल्यात मान्य केलं, की धार्मिक कार्य करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नोकरीतल्या भेदभावविरोधी कायद्यांचा आधार घेऊन धर्मसंस्थेवर दावा करता येत नाही. ऑस्टिनच्या कॅथलिक धर्मप्रांतातल्या एका संगीत-प्रमुखाच्या खटल्यात त्याच वर्षी अपील न्यायालयाने हाच नियम लावला. प्रार्थना गाणारी व्यक्ती या कक्षेत येण्याची शक्यता मोठी. तेव्हा नोटिशीची मुदत (किमान ९० दिवस मागा) आणि काढून टाकण्याची कारणं करारातच हवीत.

कर कसा लागतो? डब्ल्यू-२ की १०९९?

वेळ, जागा आणि कामाची पद्धत जमात ठरवत असेल तर तुम्ही कर्मचारी आहात आणि जमातीने डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्याच्या पगाराचा कर-फॉर्म) द्यायला हवा. मग सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (सरकारी पेन्शन आणि आरोग्यविम्याचे) ७.६५ टक्के तुमच्या पगारातून जातात आणि तेवढेच जमात भरते. १०९९ (स्वतंत्र कंत्राटदाराचा कर-फॉर्म) दिला तर दोन्ही वाटे, म्हणजे १५.३ टक्के, तुमच्याच डोक्यावर येतात. काही खजिनदार कागदपत्र वाचवण्यासाठी १०९९ सुचवतात. वर्षभर नियमित चालणाऱ्या पदासाठी ते बहुधा चुकीचं ठरतं, आणि कर खात्याने विचारलं तर दंड जमातीला बसतो, हे शांतपणे सांगा.

धर्मगुरूंना घरभत्त्यावर प्राप्तिकराची सूट मिळते, ती कर कायद्याच्या कलम १०७ खाली. कँटरांना ती लागू होते, पण रीतसर नेमलेल्या आणि धर्मगुरूचं काम करणाऱ्यांना. दीक्षा नसलेल्या सोलोइस्टने ती गृहीत धरू नये. लागू असेल तर भत्त्याची रक्कम मंडळाने ठराव करून आधी ठरवावी लागते, मागील तारखेने नाही. शिवाय धर्मगुरू म्हणून गणले गेलात तर सोशल सिक्युरिटीपुरते तुम्ही स्वयंरोजगारी धरले जाता आणि वरचं सगळं गणित बदलतं. धर्मगुरूंचा कर भरण्याची सवय असलेलाच हिशेबनीस गाठा.

मी एच-४ (अवलंबित) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे. मानधन घेतलं तर चालेल?

कामाच्या परवान्याशिवाय नाही. ‘मानधन’, ‘भेट’, ‘प्रवासखर्च’ असं कोणतंही नाव दिलं तरी कामाचा मोबदला तो मोबदलाच. एच-४ वर कामाचा परवाना मिळाला असेल तर अडचण नाही. एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर असाल तर ज्या मालकाने अर्ज केला त्याच्याकडेच काम करता येतं. सिनेगॉगची बाजूची नोकरी हवी असेल तर त्यांना स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

धार्मिक कार्यकर्त्यांसाठी आर-१ व्हिसा आहे. त्यासाठी आठवड्याला सरासरी किमान २० तासांचं काम लागतं, अर्जाआधी किमान दोन वर्षं त्याच धर्मपंथाचं सभासदत्व लागतं, आणि मुक्काम जास्तीत जास्त पाच वर्षांचा. वरचा साडेसोळा तासांचा नमुना त्यात बसत नाही, म्हणून काही जमाती धार्मिक शाळेतलं संगीत-शिक्षण जोडून पद वीस तासांच्या वर नेतात. हे खरं काम असेल तरच करा, आणि इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय काहीही सही करू नका.

मी हिंदुस्तानी शास्त्रीय शिकलो आहे. त्याचा उपयोग होतो का?

खूप होतो. अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) प्रार्थनेत प्रत्येक वेळेला, दिवसाला आणि सणाला ठरलेली स्वरपद्धती असते. तिला नुसाख म्हणतात. तालाविना, शब्दांच्या ओघाने, ठराविक स्वरवाक्यांनी गायची. आलापी जमणाऱ्याला ती पटकन समजते. मुख्य तीन पद्धतींपैकी आहावा राब्बाचे स्वर बसंत मुखारीचे आहेत: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. आदोनाय मालाखचे स्वर साधारण खमाज थाटाचे, मागेन आवोतचे आसावरी थाटाचे. पण फक्त स्वर जुळतात. चलन, न्यास, वाक्य संपवण्याची जागा वेगळी असते, आणि ती रेकॉर्डिंगवर नव्हे, शिक्षकासमोर बसून शिकावी.

चुका होतात त्या अशा. पहिली, तान आणि लांबलेली मींड. जमातीला तुमच्याबरोबर गायचं असतं. शब्द सुटला की लोक गप्प होतात आणि मैफल सुरू होते. दुसरी, पट्टी. स्वतःच्या काळी चार-पाचमध्ये सुरुवात केली की पुरुष गळतात. सामुदायिक चाल मधल्या पांढरी एकच्या खालच्या पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत बसवली, तर बहुतेकांना आपापल्या सप्तकात गाता येते. तिसरी, शब्दावरचा आघात. हिब्रूत तो बहुधा शेवटच्या अवयवावर पडतो. ‘व्हेआहावता’मध्ये ‘ता’वर आघात दिला तर ‘तू प्रेम कर’, ‘हाव’वर दिला तर ‘तू प्रेम केलंस’. चालीसाठी आघात सरकवला की जाणकार मान वर करतातच. चौथी, सणाची चाल भलत्या दिवशी. रोश हशानाच्या संध्याकाळची चाल साध्या शुक्रवारी लागली, तर ज्येष्ठांच्या कपाळावर लगेच आठी पडते, आणि कोल निद्रेसारख्या (योम किप्पूरच्या आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेसारख्या) जुन्या ठरलेल्या चाली बदलायच्याच नसतात.

बेने इस्राएल घरात वाढलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: आपली प्रार्थनापद्धत सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंच्या) वळणाची आहे. अश्केनाझी जमातीत पद घेणार असाल तर शब्द ओळखीचे वाटले तरी नुसाख मुळापासून शिकावा लागेल. त्याला एक पूर्ण वर्ष धरा, कारण प्रत्येक सण वर्षातून एकदाच येतो.

तोरा वाचनही यायला हवं का?

सोलोइस्टसाठी सक्तीचं नसतं, पण मुलांना शिकवायचं तर हवंच. तोराच्या गुंडाळीत उच्चाराची (काना-मात्रांसारखी) स्वरचिन्हंही नसतात आणि गायनचिन्हंही, म्हणून चिन्हांसकट आणि चिन्हांविना असे दोन स्तंभ छापलेल्या तिक्कूनवर सराव करतात. एका आलियाला (तोरा वाचनाच्या एका पाळीला) किमान तीन पासूक (ओळी). तोरा, हाफ्तारा (संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला भाग), एस्तेरची मेगिल्ला (एस्तेरचं पुस्तक), एखा (विलापगीत) यांचे सूर वेगळे, आणि अश्केनाझी रिवाजात रोश हशाना-योम किप्पूरच्या तोराचे आणखी वेगळे. अल्पवयीन मुलांना शिकवण्याआधी पार्श्वभूमी-तपासणी जमातीकडून करून घ्या, आणि शिकवणी दार उघडं ठेवून किंवा काचेच्या खोलीतच घ्या.

योम किप्पूरला उपाशीपोटी, पाण्याविना दिवसभर कसं गायचं?

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. चहा-कॉफी रोज थोडी थोडी कमी करत आणा. एकदम बंद केली तर दुपारी डोकं ठणकतं. पाणी शेवटच्या जेवणात ढोसून उपयोग नाही, दोन दिवस आधीपासून वाढवा. शेवटचं जेवण कमी मिठाचं.

कोल निद्रे तीनदा गायचा रिवाज आहे, पहिल्यांदा हळू आणि दर वेळी अधिक मोठ्याने. चालीचा पल्ला रुंद आहे, त्यामुळे पट्टी तिसऱ्या वेळेला झेपेल अशी निवडा. पहिल्या वेळी सोपी वाटणारी पट्टी तिसऱ्या वेळी घसा धरते, आणि पुढचे चोवीस तास अजून उरलेले असतात. सकाळच्या प्रार्थनेनंतर बोलणं टाळा. कुजबुज तर नकोच, तिने घशावर जास्त ताण येतो. मिन्हा (दुपारची प्रार्थना) किंवा योनाचं पुस्तक दुसऱ्या वाचकांना द्या. नइलासाठी (दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेसाठी) सगळ्या पट्ट्या अर्धा ते एक स्वर खाली लिहून साथीदाराला आधीच द्या. त्या थकव्यात तोंडी सांगितलेलं दोघांनाही आठवत नाही. मधुमेह किंवा दुसरा आजार असेल तर डॉक्टर आणि रॅबाय दोघांना विचारा. जीव जपण्यासाठी उपास सोडणं धर्माला मान्यच आहे.

इतर स्वयंसेवक दुखावले जातील का?

काही जण दुखावतील, विशेषतः तुमच्याइतकीच वर्षं गायनवृंदात उभे राहिलेले. बातमी त्यांना पत्रिकेतून कळता कामा नये. जाहीर होण्याआधी अध्यक्षांनी त्यांच्याशी बोलावं, तुम्ही नव्हे. आणि पद मिळाल्यावर सगळं गाणं स्वतःकडे ओढू नका. ज्यांची एखादी प्रार्थना वर्षानुवर्षं ठरलेली आहे, कुणाची कोल निद्रेची दुसरी आवृत्ती, कुणाचा शोफार (शिंगाचं वाद्य), ती त्यांच्याकडेच राहू द्या. पगारी माणूस आला की बाकीचे प्रेक्षक होतात, हा या बदलातला सगळ्यात मोठा तोटा आहे, आणि तो टाळणं हे तुमच्या कामाचाच भाग आहे.

मी मंडळाचा सदस्य आहे आणि वर्गणीही भरतो. त्याचं काय?

मंडळाचा राजीनामा बोलणी सुरू होण्याआधी द्या. स्वतःच्या पगारावर मतदान होताना खोलीबाहेर असणं पुरेसं नाही. वर्गणी माफ करून सभासदत्व पदाबरोबर देण्याची पद्धत बऱ्याच जमातींत आहे. तसं असेल तर करारात लिहा आणि त्यावर कर लागतो का ते हिशेबनिसाला विचारा.

पगार सुरू झाल्यावर काही काम विनामूल्य करू शकतो का?

ज्या प्रकारच्या कामाचा पगार मिळतो, तेच काम त्याच संस्थेसाठी ‘स्वयंसेवा’ म्हणून करणं अमेरिकेच्या कामगार नियमांत बसत नाही. वेगळ्या स्वरूपाचं काम, उदाहरणार्थ पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) आधी गरजूंसाठी धान्याच्या पिशव्या भरणं, खुशाल करा.

थेट प्रक्षेपणासाठी गाण्यांचा परवाना लागतो का?

प्रार्थनास्थळी, प्रार्थनेदरम्यान गाण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ११०(३)ने सूट आहे. ती सूट प्रक्षेपणाला, रेकॉर्डिंगला किंवा गीतांच्या झेरॉक्सला लागू नाही. आधुनिक चालींसाठी परवाना घ्या आणि त्याचा खर्च संगीताच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवा.

मुंबई-ठाण्याकडच्या सिनेगॉगमध्ये हे कसं चालतं?

तिथली चौकट वेगळी. मांडवीचं शाआर हारहामीम १७९६चं, ठाण्याचं शाआर हाशामायीम १८७९चं. मुकादम (प्रमुख) आणि गाबाई (खजिनदार) कारभार पाहतात, हझान प्रार्थना चालवतो. रिवाज ऑर्थोडॉक्स, म्हणून शब्बाथला वाद्यं नाहीत आणि हझान पुरुषच. अपवाद उदारमतवादी वळणाच्या ज्यूइश रिलिजस युनियनचा, जी मुंबईत १९२५ साली सुरू झाली. पगार, तास आणि राहण्याची सोय लिहून घेण्याचा सल्ला इथेही तोच. सिनेगॉग सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेलं असेल आणि तुम्ही विश्वस्त असाल, तर पगारी पद घेण्याआधी विश्वस्तपद सोडा.

जमातीने ‘सध्या पैसे नाहीत’ म्हटलं तर?

ते खरं असू शकतं, विशेषतः शंभरेक कुटुंबांच्या जमातीत. मग टप्प्याने मागा: पहिल्या वर्षी फक्त मोठ्या सणांचा आणि विद्यार्थ्यांचा पगार, दुसऱ्या वर्षी शुक्रवार, तिसऱ्या वर्षी सगळं. तिन्ही टप्पे एकाच ठरावात लिहून मंजूर करून घ्या, नाहीतर पहिल्याच टप्प्यावर गाडी थांबते. तेही नको म्हणाले तर तुमच्या तासांच्या तक्त्यातून तुम्हाला विनामूल्य जमेल तेवढंच काम निवडा, उरलेलं कोणत्या तारखेपासून थांबेल ते रॅबायना लेखी कळवा, आणि ती तारीख मोठ्या सणांच्या नंतरची ठेवा. विद्यार्थ्यांची शिकवणी मात्र मध्येच सोडू नका. ज्यांची तारीख ठरली आहे त्या मुलांना त्यांच्या दिवसापर्यंत पोचवा, आणि नवीन नावं घेणं थांबवा.